वाट देणे



चालकांनी विषय विचारला तेव्हा ‘रस्त्यावरून चालणे’ असे आम्ही सांगितले. त्यांना वाटले, आम्ही मोर्च्याबद्दल बोलणार. पण मोर्च्यात सारे एकाच दिशेने जातात. आम्हांस आज समोरासमोर येणाऱ्यांविषयी बोलावयाचे आहे.

पाळी बदलताना कारखान्याचे फाटक पाहा. हातात पत्रके घेऊन आम्ही तेथे उभे राहत आलो, म्हणून हे पाहण्यास सवड मिळाली. एक पाळी बाहेर पडते, दुसरी आत शिरते. खरे म्हणजे दोन्ही लोंढे एकमेकांवर आदळावयास हवेत. पण पाहता पाहता त्यांच्या रांगा पडतात. जाणारा जाणाऱ्याच्या पाठीशी लागतो, येणारा येणाऱ्याच्या. हुकूम कोणी देत नाही. मुकादम असलाच तर बाजूला तंबाखू मळीत उभा असतो! समोरचा कोणीकडे वळणार हे त्याच्या नजरेवरून, खांद्यावरून आपण ओळखतो, आणि तोही आपले ओळखीत असतो. कधी दोघेही एकाच बाजूला सरकतात, पुन्हा दोघेही दुसऱ्या बाजूला, आणि हसतात.

जपानात हिसाशी मुराकामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. २७-२७ जणांचे दोन गट त्यांनी समोरासमोरून चालविले. मग एका गटातील तिघांना चालता चालता मोबाइलवर हिशेब करावयास लावले. ते तिघे आघाडीला असले की रांगा पडावयास उशीर लागे. आणि नीट पुढे पाहून चालणाऱ्यांनाही वाट काढणे जड जाई. म्हणजे धक्का चुकविणे हे एकट्याचे काम नव्हे. ते दोघांनी मिळून करावयाचे असते.

हे वाचले आणि आम्हांस एक अधिकारी आठवले. कारखान्याच्या बोळातून ते मधोमध चालत, समोर कोण आहे हे न पाहता. कामगार, अगदी डोक्यावर ओझे असलेला सुद्धा, भिंतीला चिकटे. धक्का कधी लागला नाही. कार्यालयात याला शिस्त म्हणत. आम्ही म्हणतो, दोघांचे काम एकावर टाकले, त्याची मजुरी मात्र दिली नाही!

आपल्या लोकांना गर्दीत चालता येत नाही, असे सुशिक्षितांकडून ऐकू येते. भारतातील आणि जर्मनीतील संशोधकांनी दोन्ही देशांतील माणसे एकामागे एक चालवून घेतलेले मोजमाप २००९ साली प्रसिद्ध झाले. गर्दी वाढली की दोघांचाही वेग उतरला. पण आपल्या माणसांचा कमी उतरला, आणि त्यांनी कमी जागेत भागविले.

पण भागविण्यालाही मर्यादा आहे. २९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा अरुंद पादचारी पूल. पावसामुळे लोक जिन्यावर थांबले, आणि मागून गाड्यांतून माणसे उतरतच राहिली. २३ जीव गेले. रेल्वेच्या चौकशीने मुसळधार पावसाकडे बोट दाखविले; कोणी अफवेला, कोणी लोकांच्या बेशिस्तीला दोष दिला. अहो, खांदा वळविण्यापुरती जागा असेल तर माणूस वाट देईल. चारी बाजूंनी दंड जखडले, पायाखालची पायरी दिसेनाशी झाली, मग नजर काय करणार? पूल रुंद करा, ही मागणी त्यापूर्वीच झालेली होती. अपघातानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधविला. तो फेब्रुवारी २०१८ मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, खुला झाला.