गुण न मोजणारे यंत्र

दूरचित्रवाणीचा संच केवळ पाहण्यासाठीच आहे काय, असा प्रश्न अमेरिकेतील राल्फ बेअर या अभियंत्याला पडला आणि १९६६ साली त्याने चार पानांचे एक टिपण लिहिले. त्याचेच फळ म्हणजे १९७२ साली मॅग्नाव्हॉक्स कंपनीने बाजारात आणलेले ‘ओडिसी’ हे यंत्र. घरगुती व्हिडिओ खेळांचा प्रारंभ तो हाच.

या यंत्रात संगणक नव्हता, स्मृती नव्हती, ध्वनीही नव्हता. ट्रान्झिस्टर व डायोड यांच्या जुळणीतून दोन खेळाडूंचे दोन ठिपके, एक चेंडू आणि एक उभी रेषा, एवढेच काय ते पडद्यावर उमटे. खेळ बदलावयाचा तर एक कार्ड खाचेत बसवावयाचे. त्यातही माहिती साठविलेली नसे, आतील विद्युत्-मंडले निराळ्या रीतीने जोडली जात, इतकेच. मैदान हवे असल्यास चित्रित पारदर्शक पत्रा काचेवर लावावा लागे.

चित्रातील भिंत ओलांडणाऱ्या ठिपक्याला अडविण्याचे सामर्थ्य यंत्रात नव्हते. तो नियम खेळाडूनेच पाळावयाचा, आणि गुणही त्यानेच कागदावर मांडावयाचे. पुढील यंत्रांनी ही कामे स्वतःकडे घेतली. खेळात अचूकता आली; परंतु कोणी पाहत नसताही नियम पाळण्याची जबाबदारी मात्र खेळाडूच्या हातून सुटली.