मार्गविस्ताराचा वाद आणि प्रवासी



जबलपूरहून कटनीकडे जाताना 15-16 किलोमीटरवर पनागर लागते. समजा, जबलपुरातच संपणारी एखादी बससेवा पनागरपर्यंत वाढवावी, असा अर्ज आला. कागदावर ही वाढ किरकोळ आहे. परंतु कटनीच्या बसमालकाच्या हिशेबात पनागरचा प्रवासी महत्त्वाचा असतो. लांबच्या फेरीतील रिकाम्या जागांचा खर्च अशा जवळच्या भाड्यातून काही अंशी भागतो. तो हरकत घेतो आणि तंटा न्यायालयात पोहोचतो, तो असा.

1939च्या मोटार वाहन कायद्यात अशा हरकतींना मानाचे स्थान होते. अर्ज प्रसिद्ध होत, जुने परवानाधारक आक्षेप नोंदवीत आणि नव्याला प्रवेश दुष्कर होई. 1988च्या कायद्याने दिशा बदलली. कलम 80 नुसार परवाना सामान्यतः नाकारायचा नाही. या उदार धोरणाला जुन्या बसमालकांनी दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने मिथिलेश गर्ग खटल्यात 1991 साली फेटाळले. स्पर्धेपासून संरक्षण हा कोणाचा मूलभूत हक्क नव्हे, हा त्या निकालाचा मथितार्थ.

तथापि मार्गविस्तार अनिर्बंध नाही. याच कलमान्वये तो शेवटच्या थांब्यापासून 24 किलोमीटरपर्यंतच मर्यादित आहे आणि त्यातून जनतेची सोय होईल, अशी परिवहन प्राधिकरणाची खात्री व्हावी लागते. जबलपूरपासून मोजल्यास पनागर या मर्यादेत बसते. पुढचे सिहोरा बसत नाही.

मध्य प्रदेशाने 2005 साली राज्य परिवहन महामंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर बसवाहतूक प्रामुख्याने खासगी मालकांकडे गेली. तेव्हा स्पर्धा हवी की नको, हा प्रश्न मागे पडला; ती कोणत्या स्वरूपाची असावी, हा खरा प्रश्न आहे. सकाळी एकाच वेळी तीन बसगाड्या थांब्यावर प्रवाशांसाठी झुंजतात आणि रात्री एकही येत नाही, अशा स्थितीत परवान्यांची संख्या वाढते, सेवा वाढत नाही.

यावर उपाय कायद्यातच आहे. वेळापत्रक ही परवान्याची अट करता येते. विस्तार मंजूर करताना गर्दीच्या फेरीसोबत कमी उत्पन्नाची एक फेरीही बंधनकारक करावी. निर्णयापूर्वी थांब्यांवरील प्रवाशांची मोजणी करून ती जाहीर करावी.

या खटल्यांत वादी बसमालक असतो आणि प्रतिवादीही बहुधा बसमालक वा प्राधिकरण. ज्याच्या सोयीसाठी कायदा झाला, तो प्रवासी मात्र थांब्यावर उभा असतो. त्याची बाजू आकड्यांनिशी मांडणे, हे प्राधिकरणाचे पहिले कर्तव्य होय.