जुनी स्टेशन वॅगन आणि कुटुंबाचा प्रवास

(संघाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून मोटारीसारख्या विषयावर बोलावे, हे काहींस विलक्षण वाटेल. परंतु घर, शेत आणि दागिना यांप्रमाणे वाडवडिलांची मोटार हीही कित्येक कुटुंबांत वारशाची वस्तू झाली आहे. ती भंगारात घालावी, जशीच्या तशी जपावी, की दुरुस्त करून मुलाबाळांसह वापरावी, हा प्रश्न अशा घरांत केव्हा ना केव्हा उपस्थित होतोच. त्याचा निर्णय केवळ भावनेच्या भरात होऊ नये, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

स्टेशन वॅगन हे नावच बोलके आहे. अमेरिकेत रेल्वे स्टेशनावर उतरलेले उतारू व त्यांचे सामान मुक्कामी पोहोचविण्यासाठी ही गाडी जन्मास आली. आरंभी तिचा मागील भाग लाकडी असे. १९४६ साली विलीज कंपनीने ब्रुक्स स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार संपूर्ण पोलादी पत्र्याची वॅगन काढली. मौज अशी की, त्या पत्र्यालाही रंग मात्र लाकडी फळ्यांचा भास व्हावा असा दिला जाई. आपल्या देशात बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत तयार होत असलेल्या ॲम्बॅसेडरचीही अशी लांब पाठीची ‘इस्टेट’ आवृत्ती एके काळी निघाली होती. आजी-आजोबा, नातवंडे, वळकट्या आणि फराळाचे डबे असा सारा संसार एकाच वेळी कुलदैवताला नेता यावा, हाच अशा गाडीचा खरा गुण होय.

अशा गाडीचा उद्धार दोन प्रकारे करता येतो. एक जीर्णोद्धार, म्हणजे मूळचे रूप पुन्हा उभे करणे. आणि दुसरा, आजच्या गरजेप्रमाणे तिच्यात फेरफार करणे. हे दोन्ही एकदम साधू म्हटल्यास कायदा आड येतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या गाडीस ‘व्हीए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळू शकतो. परंतु अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक अभ्यास किंवा इंधन व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापरास तिला मनाई आहे. अर्थात, ज्यांना गाडी कुटुंबासाठी हवी आहे त्यांनी सन्मानाच्या क्रमांकाचा मोह सोडून साधी नोंदणीच राखावी. खासगी गाडीची नोंदणी प्रथम पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते.

फेरफारासही मर्यादा आहेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ नोंदीशी विसंगत बदलांस प्रतिबंध करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो अर्थ स्पष्ट केला. छप्पर कापणे किंवा गाडीची लांबी वाढविणे हे विचार मनातही आणू नयेत. आणखी एक गोष्ट आपल्या समाजात फार दुर्लक्षिली जाते. मालक निवर्तल्यावर गाडी वर्षानुवर्षे त्यांच्याच नावावर राहते. वारसाने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवून तीन महिन्यांत नावाची बदली मागावयाची असते. भावाभावांनी हा प्रश्न आधी मिटवावा, मग गाडी गॅरेजात न्यावी. नाहीतर अपघाताच्या दिवशी विम्याचा आणि सलोख्याचा, दोहोंचाही कस लागतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. बहुतेक लोक प्रथम रंग आणि गादीकाम करून घेतात. हा क्रम उलटा आहे. पहिली तपासणी गंजाची. विलीजची बॉडी स्वतंत्र लोखंडी चासीवर बसविलेली असते. ॲम्बॅसेडरमध्ये बॉडी व चासी एकजीव आहेत. त्यामुळे तिच्या दारांखालील पत्रा कुजला, तर ती केवळ शोभेची हानी नसून गाडीचा कणाच दुबळा झाला, असे समजावे. मुंबई-कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या गाड्या या दृष्टीने गाडी वर उचलून, खालून पाहाव्यात.

दुसरे काम ब्रेक आणि स्टिअरिंगचे. तिसरे इंधनाच्या नळ्यांचे. आज मिळणाऱ्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते ओलावा शोषून घेते आणि जुन्या जातीचे रबर त्याने फुगते, चिरते. गळक्या नळीशेजारी तापलेले इंजिन म्हणजे आगीस आमंत्रण. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घालाव्यात. चौथे काम वायरिंगचे. तारांवरील वेष्टण वाळून तडकले असेल, तर तुकडे न जोडता सर्व वायरिंग फ्यूजसह नवे करावे.

पाचवे काम मी सर्वांत महत्त्वाचे मानतो. व्होल्वो कंपनीचे नील्स बोलिन यांनी १९५९ साली तीन ठिकाणी अडकणारा सुरक्षापट्टा सिद्ध केला. आपल्या जुन्या गाड्यांत तो बहुधा नसतोच. तो बसविताना बोल्ट नुसत्या पातळ पत्र्यात न ठोकता, मागे जाड पोलादी पट्टी देऊन जाणत्या कारागिराकडून घट्ट करून घ्यावा. वॅगनच्या पाठीमागील आडव्या बाकांवर मुलांना बसविण्याची जुनी हौस आता पूर्णपणे सोडावी. तेथे सामान शोभते, नातवंडे नव्हेत. आसने जितकी व पट्टे जितके, तितकीच माणसे, हा घराचा नियम असावा. रंग आणि गादी यांचा खर्च या सर्वांनंतर.

शेवटी तरुणांस एक विनंती. गाडी मिस्त्रीच्या हवाली करून मोकळे होऊ नका. त्यांच्याशेजारी उभे राहा, नट खोलून पाहा, प्रत्येक सुट्या भागाचा जमाखर्च वहीत लिहा. हात काळे झाल्याने आपली प्रतिष्ठा उणी होत नाही. उलट, पत्र्याचा आवाज ऐकून गंज ओळखणाऱ्या कारागिराचे ज्ञान पदवीहून कमी नाही, हे मनास पटते. कन्यांनीही या कामात मागे राहू नये. आणि तपासणीअंती गाडी सुरक्षित होण्याजोगी नाही असे ठरले, तर तिला निरोप देण्याचे धैर्यही दाखवावे. वाडवडिलांचे स्मरण त्यांच्या वस्तूंपेक्षा त्यांच्या वंशजांच्या क्षेमात अधिक आहे.