लॅपटॉप जुना, सिस्टीम नवी : बदल कुणी करावा, कुणी थांबावं?

(युवा अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)



कालपासून इथे संविधान, शिक्षण, घरातली समता अशा मोठ्या विषयांवर बोलणं चाललंय. त्यापुढे माझा विषय किरकोळ वाटेल. पण काल चहाच्या वेळी मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच होता : "भाई, आमच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे. ते बंद झालं म्हणतात. आता नवा लॅपटॉप घ्यायचा, की लिनक्स टाकायचं?"

घरात एकच लॅपटॉप, त्यावर तीन भावंडांचा अभ्यास आणि अब्बांचे ऑनलाइन फॉर्म. अशा घरासाठी हा प्रश्न किरकोळ नसतो.

आधी काय झालंय ते समजून घेऊ. विंडोज १० आलं जुलै २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा आधार थांबवला. म्हणजे लॅपटॉप बंद पडला असं नाही. तो काल चालत होता तसा आजही चालतो. फक्त सुरक्षेतली नवी भोकं बुजवणारे अपडेट आपोआप येणं थांबलं. घरगुती वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय आहे. पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. ती मुदत संपली की प्रश्न पुन्हा दारात उभा.

मग विंडोज ११ टाका, असं कुणीही म्हणेल. अडचण अशी की विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची व्यवस्था लागते आणि ठरावीक यादीतलाच प्रोसेसर चालतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे ढोबळपणे २०१८ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप बाद. आपल्या वस्त्यांमधून सेकंडहँड बाजारातून घेतलेले किती लॅपटॉप याच वयाचे आहेत, ते तुम्हीच मोजा. या अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे दुकानदार भेटतात. पण असा बदल मायक्रोसॉफ्टला मान्य नाही. पुढे अपडेट मिळतीलच अशी हमी नाही.

इथे लिनक्सचं नाव येतं. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहायला घेतला. आज जगभरातले लोक तो मिळून सांभाळतात. तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन याच गाभ्यावर चालतो. म्हणजे लिनक्स तुम्ही रोज वापरताच, फक्त त्या नावाने ओळखत नाही. संगणकासाठी त्याची बरीच रूपं आहेत. नवख्या माणसाला मी लिनक्स मिंट सुचवतो. विंडोजसारखाच खाली पट्टा, कोपऱ्यात मेनू. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर बरं. पैसे लागत नाहीत.

इथपर्यंत ऐकून वाटेल, की हा इंजिनिअर आता म्हणणार, उठा आणि लिनक्स टाका. काही वर्षांपूर्वी मी अगदी हेच म्हणायचो. नुसता म्हणायचो नाही, करायचोही. त्यातलाच एक किस्सा सांगतो, कारण मला जे म्हणायचंय ते मी तिथेच शिकलो.

ईदच्या सुट्टीत घरी गेलो होतो. आपा म्हणाली, लॅपटॉप फार हळू चालतो रे. ती घरी शिकवण्या घेते आणि उर्दू मजकूर जुळवून देण्याची कामं करते, प्रश्नपत्रिका, पत्रिका, लहान पुस्तिका. मी रात्री बसलो, तिच्या सगळ्या फाइल्स नीट काढून ठेवल्या, विंडोज पुसलं आणि लिनक्स टाकलं. सकाळी मशीन झटक्यात सुरू झालं. आपा खूश, मी त्याहून खूश. ईदी दिल्यासारखं वाटलं. दोन दिवसांनी मी कामाच्या गावी परतलो.

आठवड्याने तिचा फोन आला. फाइल्स सगळ्या होत्या, पण एकही उघडत नव्हती. ती काम करायची इनपेजमध्ये. उर्दू छपाईच्या धंद्यात वर्षानुवर्षं तेच चालतं आणि ते लिनक्ससाठी येत नाही. प्रेसवाला दुसऱ्या दिवशी फाइल मागत होता. मी फोनवर तिला युनिकोडचं महत्त्व सांगू लागलो. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "लॅपटॉप हळू चालतो, एवढंच मी सांगितलं होतं. माझं काम बदल असं म्हटलं नव्हतं. आणि काही टाकायला गेले तर हा पासवर्ड मागतो. तो तुझ्याकडे आहे."

ते काम तिच्या हातून गेलं. पैसे फार नव्हते, पण ते तिचे होते.

दोस्तांनो, आपण इथे रोज बोलतो, की बाईच्या आयुष्याचे निर्णय तिला विचारून व्हावेत. आणि मी तिच्या रोजीच्या साधनाचा निर्णय ती झोपली असताना घेतला होता. किल्लीही स्वतःकडेच ठेवली होती. हेतू चांगला होता. पण हेतू तर सगळ्यांचेच चांगले असतात.

त्यामुळे आज मला कुणी विचारलं, लिनक्स टाकू का, तर मी आधी तीन प्रश्न विचारतो.

पहिला : या मशीनवर नेमकी कोणती कामं होतात? आठवडाभर एका वहीत लिहा. यूट्यूब, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ऑनलाइन फॉर्म, व्हिडिओवरची शिकवणी, पीडीएफ वाचणं, अर्ज टाइप करणं एवढंच निघालं, तर जवळपास सगळं ब्राउझरमध्ये आहे. क्रोम आणि फायरफॉक्स लिनक्सवरही तसेच चालतात. अशा माणसाने सिस्टीम बदलली तर त्याला फार फरक जाणवत नाही.

पण यादीत टॅली, कोरलड्रॉ, फोटोशॉप, ऑटोकॅड, इनपेज यांपैकी एकही नाव असेल आणि त्यावर पोट किंवा शिक्षण अवलंबून असेल, तर थांबा. यांतलं काहीही आज लिनक्ससाठी येत नाही. पर्याय आहेत, जुगाड आहेत, पण जुगाडावर धंदा चालवायला अंगात हौस लागते. डिजिटल सही पेनड्राइव्हसारख्या टोकनवर घेऊन टेंडर किंवा कराची कामं करणाऱ्यांनीही थांबावं, तिथे कटकट होते. एमएस-सीआयटीला विंडोज आणि एमएस ऑफिस शिकायचं असतं. त्या विद्यार्थ्यांनी आणि सरकारी टंकलेखन परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी ज्यावर परीक्षा होते त्यावरच सराव करावा. आणि मागे बसलेल्या मित्रांसाठी : व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही.

वर्डच्या फाइल्सबद्दलही खरं सांगतो. लिनक्ससोबत लिबरऑफिस येतं, त्यात त्या उघडतात. पण विंडोजमधले मंगल, निर्मला हे मराठी फॉन्ट तिथे नसतात. त्यामुळे ओळी सरकतात, दोन पानांचा अर्ज अडीच पानांचा होतो. कुठे पाठवायचा असेल तर पीडीएफ करून पाठवा. जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोड नसलेल्या मराठीत टाइप केलेल्या फाइल्स असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कुठल्याही मशीनवर त्यांची अगम्य अक्षरं होतात. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी आणि उर्दू मात्र दोन्हीकडे वाचता येतं. नस्तालिकसाठी नोटो नस्तालिक उर्दूसारखा मोफत फॉन्टही आहे. लिनक्स टाका किंवा टाकू नका, नवं लिखाण युनिकोडमध्ये करा. म्हणजे उद्या निर्णय घेताना हात मोकळे राहतील.

दुसरा प्रश्न : मशीन हळू का चालतंय? खूपदा दोष सिस्टीमचा नसतो, आत जुनी फिरती हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम थोडी वाढवली तर त्याच लॅपटॉपमध्ये जीव येतो. आपाच्या लॅपटॉपला खरं तर एवढंच हवं होतं. मी रोग न तपासता ऑपरेशन केलं.

तिसरा प्रश्न, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : अडलं तर कुणाला विचारणार? विंडोज गल्लीतल्या दुकानदाराला येतं, शेजारच्या मुलाला येतं. ही विंडोजची खरी ताकद आहे. लिनक्स टाकून देणारा माणूस हजार किलोमीटरवर असेल आणि वापरणारी अम्मी घरी एकटी असेल, तर उत्तम सिस्टीमही तिच्यासाठी वाईट ठरते.

हे फक्त घरापुरतं खरं नाही. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. सुमारे १५ हजार संगणक बदलले. २०१७ मध्ये तिथल्या सभागृहाने पुन्हा विंडोजकडे वळण्याचा निर्णय घेतला. कारणांवर आजही वाद होतात. पण कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बाहेरच्या कार्यालयांशी फाइल्सची देवाणघेवाण या गोष्टी चर्चेत सतत होत्या. उलट केरळ पाहा. तिथे सरकारी शाळांमधलं संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभं राहिलं आणि टिकलं. कारण तिथे नुसती सिस्टीम बदलली नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, पाठ्यपुस्तकं त्यानुसार लिहिली, परीक्षाही त्यावरच घेतली. माणसं सोबत असतील तर बदल टिकतो.

आता एक कडू गोष्ट. आपल्यातल्या अनेकांच्या लॅपटॉपवर विंडोज विकत घेतलेलं नसतं, 'क्रॅक' असतं. दुकानदार टाकून देतो, आपण विचारत नाही. दुसऱ्याचा हक्क मारू नये हे आपण मदरशापासून शाळेपर्यंत ऐकत आलो, पण सॉफ्टवेअरच्या बाबतीत ते लागू नाही असं आपण परस्पर ठरवून टाकलंय. धर्म-नीती क्षणभर बाजूला ठेवा. क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगितलं जातं आणि त्या अनोळखी प्रोग्रामला संपूर्ण मशीनचा ताबा दिला जातो. त्याच मशीनवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो, आधारची प्रत ठेवतो. अनोळखी माणसाला घराची किल्ली देऊन वर विचारायचं, चोरी कशी झाली? ज्याला विंडोज परवडत नाही आणि ज्याचं काम ब्राउझरमध्ये आहे, त्याच्यासाठी लिनक्स हा सरळ, स्वच्छ मार्ग आहे. तिथे कुणाची चोरी नाही, कुणाची मेहेरबानीही नाही. वापरण्याचा, वाटण्याचा, आतला कोड पाहण्याचा हक्क परवान्यातच लिहिलेला असतो.

ज्यांना बदलायचं आहे त्यांनी घाई करू नये. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट घ्या आणि काहीही न पुसता त्यावरून लॅपटॉप सुरू करा. याला लाइव्ह चालवणं म्हणतात. वायफाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा, प्रिंटर, मराठी कीबोर्ड, सगळं तपासा. पेनड्राइव्हवरून थोडं हळू चालेल, त्यावर वेगाचा अंदाज बांधू नका. जमलं नाही तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जिथल्या तिथे. जमलं तर फाइल्सची प्रत दुसरीकडे ठेवा, ती उघडून पाहा आणि मगच पुढे जा.

आणि हे एकेकट्याने करण्यापेक्षा मिळून करूया. आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत महिन्यातला एक रविवार ठरवू. ज्याला यायचं त्याने लॅपटॉप घेऊन यावं. दोन नियम ठेवू. एक, मशीन ज्याचं किंवा जिचं, निर्णय त्याचा किंवा तिचा. मालक समोर बसल्याशिवाय हात लावायचा नाही. दोन, पासवर्ड वापरणाऱ्याकडेच राहील. बहिणीच्या लॅपटॉपचा पासवर्ड भावाकडे, असं चालणार नाही. आणि ज्याने सिस्टीम टाकून दिली त्याने पुढचे दोन-तीन महिने फोन उचलायचा.

आपाचं पुढे काय झालं? मी परत गेलो, माफी मागितली, तिचं विंडोज परत टाकलं आणि एसएसडी बसवली. विंडोज १० ची मुदत संपत आली तेव्हा यादी तिनेच केली. इनपेजच्या कामासाठी तिने स्वतःच्या पैशांनी विंडोज ११ वाला लॅपटॉप घेतला. जुना भाचीला मिळाला. भाची अकरावीत आहे, तिचं सगळं ब्राउझरमध्ये चालतं. तिने पेनड्राइव्हवरून चार दिवस मिंट वापरून पाहिलं, मग म्हणाली, "मामू, आता टाकूया." बटणं तिने दाबली, मी शेजारी बसून होतो. पासवर्ड टाइप करायची वेळ आली तेव्हा ती थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी तोंड दुसरीकडे वळवलं.