वह्या कोण वाचणार?



इंग्रजी शिक्षकांच्या या अधिवेशनाच्या पत्रिकेत माझ्या अध्यक्षीय भाषणाचा विषय 'माध्यमिक शाळांतील इंग्रजी अध्यापन : एक आढावा' असा छापला आहे. तो उरकून टाकतो. मुंबई राज्यात एके काळी इंग्रजी आठवीपासून असे, पुढे पाचवीपासून आलं, महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून आहे. रचना-पद्धती आली, संवाद-पद्धती आली, दहावीला प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली; ८० गुण लेखी, २० गुण तोंडी. दर वेळी आपण प्रशिक्षणाला गेलो, सह्या केल्या, चहा घेतला आणि परत आलो. झाला आढावा.

आता बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलतो.

आमच्या बाई यंदाच्या पावसाळ्यात गेल्या. तालुक्याच्या गावी एकाच शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन जमाना लोटला होता, तरी शोकसभेला पटांगण भरलं. राजकारणातले बोलले, डॉक्टर बोलले, अमेरिकेतला एक विद्यार्थी फोनवरून बोलला. सगळ्यांचा सूर एकच : बाई काय फाडफाड इंग्रजी बोलायच्या! काय ते उच्चार! शेक्सपिअर तर तोंडपाठ! मी मागच्या रांगेत बसलो होतो आणि माझं डोकं तापत होतं. बाईंचे उच्चार चांगले सातारी होते. शेक्सपिअर बी.ए.ला नेमलेला असेल तेवढाच. बाईंचं मोठेपण बोलण्यात नव्हतंच. त्या आमच्या वह्या वाचायच्या. हे एकालाही आठवू नये?

बाईंचा हिशेब साधा होता. वर्गात साठ मुलं, रोज दहा वह्या, आठवड्याचे सहा दिवस. म्हणजे प्रत्येकाची वही आठवड्यातून एकदा त्यांच्या नजरेखालून जायचीच. दोन तुकड्या वाट्याला आल्या की रोज वीस. कापडी पिशवीतून वह्या घरी जात आणि सकाळी परत येत. लाल शाई त्या वापरत नसत. चुकलेल्या जागी पेन्सिलीची बारीक रेघ आणि समासात एखादं अक्षर. 'का' म्हणजे काळ चुकला, 'व' म्हणजे वचन, 'स्पे' म्हणजे स्पेलिंग. नुसतं प्रश्नचिन्ह असलं तर मधल्या सुट्टीत जाऊन आपल्याला काय म्हणायचं होतं ते सांगून यायचं. बरोबर काय, ते बाई लिहीत नसत. ते आपण शोधायचं. दुरुस्ती जमली की पुढच्या खेपेला त्या खोडरबराने ती रेघ पुसून टाकत.

एकदा 'माझा आवडता नेता' हा निबंध आम्ही झाडून सगळ्यांनी गाईडमधून उतरवला. बाईंनी प्रत्येक वहीत लिहिलं, 'हे तुझं नाही.' रागावल्या नाहीत. पुढचा विषय दिला : काल घरी काय झालं. वर्गात धनगराचा एक मुलगा होता. त्याने मेंढी व्याल्याच्या पाच-सहा ओळी लिहिल्या. समासात 'का', 'का', 'का' अशी रांग लागली. पण खाली बाईंनी विचारलं होतं, 'कोकरू उभं कधी राहिलं?' त्यासाठी त्याने आणखी चार ओळी लिहिल्या. मग, 'मेंढीला काय खायला घातलं?' आणखी चार. दिवाळीपर्यंत गडी पानभर लिहू लागला. पुढे तो बँकेत लागला; त्याच्या शाखेतून मुख्य कार्यालयाला जाणारं प्रत्येक अवघड पत्र त्याच्याच हातचं असे. शोकसभेत ज्यांचे गोडवे गायले गेले ते उच्चार त्याला आजही येत नाहीत.

सकाळच्या परिसंवादात इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावं की नाही यावर दीड तास खडाजंगी झाली. बाई कर्मणी प्रयोग मराठीतून समजावत. मराठीच्या तासाला तो आमचा झालेलाच असे, त्यामुळे पाच मिनिटांत काम होई आणि उरलेला तास आम्ही इंग्रजी वाक्यं लिहीत बसायचो. माझ्यापुरता वाद तिथे मिटला. दुसरा वाद व्याकरणाचा. रेन आणि मार्टिनचं व्याकरणाचं पुस्तक फेकून द्या, असं आमच्या एका तरुण मित्राने आवेशाने सांगितलं. फेका किंवा ठेवा. मी नोकरीभर दोन्ही करून पाहिलं. ज्या वर्षी वह्या वाचल्या त्या वर्षी मुलं लिहिती झाली. टेबलावर पुस्तक कोणतं होतं याने काही बिघडलं नाही.

वह्या का वाचल्या जात नाहीत हे मला ठाऊक आहे. मतदारयाद्या आहेत, पोर्टलवर माहिती भरायची आहे. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला, पण नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली. माझ्या नोकरीत एकदा तपासणीला साहेब आले. मी अभिमानाने वह्या पुढे केल्या. त्यांनी कव्हरं पाहिली, बरोबरच्या खुणा आणि तारखा पाहिल्या, शेरा चांगला दिला. आत मुलांनी काय लिहिलंय त्यातली एक ओळही वाचली नाही. आपणही आता तेच करतो आहोत. म्हणून मुलं 'एक्स्पान्शन ऑफ थीम', म्हणजे दिलेल्या कल्पनेचा विस्तार, तोसुद्धा पाठ करून येतात. आपलं कोणी वाचणार नाही हे कळल्यावर मूल स्वतःचं वाक्य कशाला लिहील?

वर्गातलं काम विसरलं जातं ते एकट्या बाईंचंच नाही. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत, विंदा करंदीकर मुंबईत. त्यांच्या कथा-कवितांवर आपण परिसंवाद भरवतो. त्यांच्या वर्गाविषयी कधी भरवला? इतक्या मोठ्या माणसांची ही गत, तर तालुक्याच्या गावच्या बाईंच्या पेन्सिलीला कोण विचारतो!

बाईंच्या जुन्या वह्या जमवाव्यात, त्यांच्या खुणांची एखादी पुस्तिका काढावी असं मनात आहे. कशी, कोणी, कोणत्या पैशाने, ते कार्यकारिणीने पाहावं. ठरावांचा मसुदा मी वाचला. त्यात डिजिटल फलक आहे, भाषा-प्रयोगशाळा आहे, वही कुठेच नाही. संध्याकाळच्या खुल्या अधिवेशनात मी दुरुस्ती मांडणार आहे : नववी-दहावीच्या तुकडीत चाळीसच्या वर मुलं नसावीत आणि इंग्रजीच्या शिक्षकाला वह्या वाचायला वेळापत्रकात रोज एक तासिका मिळावी. हात वर करताना शेजाऱ्याकडे पाहू नका.

ठराव फेटाळला गेला तरी सोमवारी शाळेत गेल्यावर दहा वह्या घरी न्या.