ताज्या धुळीचे विष



डॉक्टरकीच्या विषयावर युनियनचा माणूस काय बोलणार, असे काहींना वाटले असेल. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि भरपाईच्या दाव्यांच्या कागदांवर झाले. त्या कागदांत एक वाक्य मी वारंवार वाचले आहे: ‘कामगार बिडी ओढतो, म्हणून खोकतो.’ आज त्याचाच समाचार घ्यायचा आहे.

आपण पाटीवर पेन्सिलीने अक्षरे गिरवली. अशा पेन्सिली मध्य प्रदेशात मंदसौरला दगड कापून करीत. अहमदाबादच्या व्यावसायिक स्वास्थ्य संस्थेने तेथील कामगार तपासले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत निम्म्याहून अधिकांना सिलिकोसिस आढळला.

ही धूळ करते काय? नुसती कुसळासारखी टोचते, एवढे ते सोपे नाही. करवतीखाली दगड फुटतो तेव्हा सिलिकॉन आणि प्राणवायू यांचे बंध तुटतात आणि कणावर उघडी, भुकेली टोके राहतात. शास्त्रज्ञ त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ओलाव्याशी गाठ पडली की त्यांतून आणखी जहाल मूलके निघतात. नुकत्या फुटलेल्या धुळीत ही शक्ती जास्त, शिळ्या धुळीत ती ओसरते, हे अमेरिकन संशोधकांनी १९८८ साली दाखविले. शिळे वाईट आणि ताजे चांगले, हा घरचा नियम येथे उलटा!

फुफ्फुसातल्या भक्षक पेशी हा कण गिळतात. जंतू मारायला निसर्गाने त्यांना दिलेले अस्त्र म्हणजे हाच जहाल प्राणवायू. जंतू मरतो, दगड कसा मरणार? पेशीच फुटते, अस्त्रे शेजारच्या मांसावर सुटतात, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. म्हणूनच काम सुटले तरी रोग वाढू शकतो, फुफ्फुस वण धरून कठीण होते आणि क्षयाला दार उघडे मिळते. बिडीचा धूरही मूलके आणतो, हे खरे. पण त्याने धुळीचा गुन्हा पुसला जात नाही. एकात दुसऱ्याची भर पडते.

मग हा दाह शमविणाऱ्या गोळ्या द्याव्यात काय? फिनलंडात विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन देऊन पाहिले. १९९४ साली निकाल आला, तो फुफ्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढल्याचा! वण धरलेले फुफ्फुस पूर्ववत करणारे औषध आजही नाही. करवतीवर पाण्याची धार आणि धूळ उगमाशीच ओढून घेणारा पंखा, हेच खरे उपाय. मालक म्हणतात, फडके बांधा. हा कण फडक्याच्या विणीतून आरामात जातो.

हल्ली आपल्या स्वयंपाकघरांत कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे बसतात. त्यांत सिलिका नव्वद टक्क्यांहूनही अधिक असू शकते. बसविलेला ओटा बिनधोक आहे, धोका कापणाऱ्याला. ऑस्ट्रेलियात तरुण कारागीर आजारी पडू लागले, कामगार संघटनांनी जोर लावला आणि १ जुलै २०२४ पासून तेथे या दगडावर बंदी आली. आपल्याकडे तो मुलगा तुमच्याच गच्चीवर कोरड्या यंत्राने, नाकाला रुमाल बांधून कापीत बसलेला दिसेल. पाणी सोडता येणारे यंत्र बाजारात मिळते. ठेकेदाराला विसार देण्याआधी ते मागता येते.