फळा कुणाचा?

(वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत शिकवणाऱ्या पोरापोरींच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. संध्याकाळी सात ते नऊ समाजमंदिराच्या पत्र्याखाली पोरं घेऊन बसतो, एवढंच माझं भांडवल. तेव्हा डोळ्यांनी पाहिलं तेवढंच बोलतो.

पाचवीतली एक मुलगी माझ्याकडं आली. आई धुणीभांडी करते, बाप सकाळी नाक्यावर उभा राहतो. पोरगी चुणचुणीत. कागदाचा मोर करून दाखवला, हातवारे करून गाणं म्हटलं. मी म्हटलं, वा! मग पुस्तक पुढं सरकवलं. जोडाक्षर आलं की ही खाली बघायची. ‘प्रश्न’ हा शब्द काही वाचता येईना.

मी तिच्या शाळेत गेलो. बाई स्वभावानं चांगल्या, हे आधी सांगतो. म्हणाल्या, ‘‘मूल आपल्या गतीनं शिकतं हो. घोकंपट्टीचे दिवस गेले.’’ शेजारच्या वर्गातले जुने गुरुजी दारातूनच म्हणाले, ‘‘छडी गेली तिथंच विद्या गेली. आणि ह्या पोरांच्या घरात वातावरण तरी कुठंय?’’ झालं, दोघांची जुंपली. पोरगी मधे उभी. हिला वाचायला कोण शिकवणार, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही.

हेच भांडण वर्षानुवर्षं परिसंवादांतून, समित्यांतून चाललंय. एकीकडं पाठांतर, शिस्त, परीक्षा. दुसरीकडं आनंददायी शिक्षण, ज्ञानरचनावाद. आपण कुणाच्या बाजूचे?

आधी जुन्यांचं बघू. ज्या शाळेच्या आठवणीनं पांढरपेशांचे डोळे पाणावतात, त्या शाळेत आमची जागा कुठं होती? साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब कोपऱ्यात गोणपाटावर बसत. ते गोणपाट रोज घरून आणायचं, रोज घरी न्यायचं. नळाला हात लावायचा नाही. शिपाई आला तर पाणी, नाही आला तर तहानलेलं राहायचं. पुढं मुंबईला हायस्कुलात मास्तरांनी गणित सोडवायला फळ्यापाशी बोलावलं, तर वर्गातली पोरं धावली ती फळ्यामागचे आपले डबे उचलायला! संस्कृत शिकायचं होतं, ते मिळालं नाही. पर्शियन घ्यावं लागलं. पाठांतराची थोरवी सांगणाऱ्यांनी आम्हाला पाठांतर तरी कुठं करू दिलं?

शिक्षण हक्काचा कायदा 2009 साली आला. छडी बंद झाली, आठवीपर्यंत नापास करणंही बंद झालं. 2019 साली कायदा बदलला, आणि 2023 साली महाराष्ट्रानं पाचवीला नि आठवीला नापास करण्याची वाट पुन्हा मोकळी केली. म्हणजे पाच वर्षं शिकवायचं नाही आणि त्याची सजा पोरीला! तिची आई म्हणणार, नापास झालीस ना, चल माझ्याबरोबर भांडी घासायला. शाळेनं हात झटकले की कामाला लावणारे तयारच असतात.

आता नव्यांकडं वळू. इथं आपली फसगत होते, कारण ह्यांची भाषा गोड आहे. अनुभवातून शिकू द्या, हातानं शिकू द्या, परिसरातून शिकू द्या. ऐकायला झकास. पण 1953 साली मद्रास राज्यात काय झालं ते आठवा. मुख्यमंत्री राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी योजना काढली. शाळा दिवसातून तीन तास, उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकायचा. तेही अनुभवातूनच शिक्षण होतं की! चांभाराच्या पोरानं चामड्यातून शिकावं, कुंभाराच्या पोरानं चिखलातून. आणि वकिलाच्या पोरानं? त्याच्या घरी पुस्तकांची कपाटं होती. लोकांनी ओळखलं, ही तर कुलशिक्षणाची योजना. पेरियार नि द्रविड चळवळ रस्त्यावर उतरली. 1954 साली राजाजी गेले, कामराज आले आणि योजना गुंडाळली गेली.

साहेबाच्या पोराला शाळेनं मोकळं सोडलं तरी त्याचं बिघडत नाही. घरी आजी श्लोक घोकवते, बाप इंग्रजी बोलतो, शिकवणीचे मास्तर पाढे करून घेतात. आमच्या पोरीला शाळा सोडून दुसरं काय आहे? ‘तिचं ती शोधेल’ म्हणून शाळेनं तिला सोडून दिलं, की तिला जात शिकवते. आणि जात फार कडक मास्तर आहे.

मग काय, पुन्हा छडी घ्यायची? मुळीच नाही. 1913 साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथं जॉन ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. नव्या शिक्षणाचा बाप म्हणतात तो हाच माणूस. ह्याच ड्यूईंनी 1938 साली एक छोटं पुस्तक लिहून आपल्याच अनुयायांचे कान उपटले. जुनं नाकारलं म्हणजे शिक्षण होत नाही, प्रत्येक अनुभव शिकवतोच असंही नाही, असं त्यांचं सांगणं होतं. मुलाला नेमकं कुठं न्यायचं, हे मास्तरला ठाऊक पाहिजे.

आणि त्याच्याही आधी, 1882 साली, आमच्या जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं मागणी मांडली. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शिकवायचं काय? मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण. त्याच्याच जोडीला शेती, नीती, आरोग्य. व्याकरणही हवं आणि शेतही हवं. आमचं उत्तर तेव्हाच देऊन झालंय.

म्हणून अभ्यासिकेत तीन गोष्टी करा. एक, पोराच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हणायचं नाही. पण प्रमाण मराठी आणि इंग्रजी घासूनपुसून शिकवायची. अर्ज, कोर्ट नि मुलाखत ह्याच भाषेत चालते, हेही उघड सांगायचं. दोन, पाढे आणि जोडाक्षरं रोज. न मारता, न लाजवता, पण रोज. तीन, प्रत्येक पोराला फळ्यापाशी बोलवायचं. मागं बसणाऱ्याला आधी.

आणि अभ्यासिका चालवली म्हणून शाळेला मोकळं सोडू नका. सरकारी, अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक लागतात. आयाबापांना घेऊन तिथं जा. पद्धत जुनी की नवी ते नंतर बोलू. आधी विचारा, आमच्या पोरांना वाचता येतं का?

ती पोरगी? जोडाक्षरं पक्की व्हायला आठ महिने लागले. परवा तिला फळ्यापाशी बोलावलं, म्हटलं, मनातलं लिही. तिनं लिहिलं, ‘आमच्या वस्तीत पानी एक दिवसाआड का येतं?’ ‘पाणी’चा ण चुकला होता. तो तिनं स्वतःच पुसून नीट केला, आणि प्रश्नचिन्ह चांगलं मोठं काढलं.

उत्तर महापालिकेनं द्यायचंय. तो अर्ज आता तीच लिहिणार आहे.

जय भीम!